पलटणीचं बरड

सव्वीस वर्षं या चौदा खेड्यांत डाक वाटली,
कोणाची पेन्शन कोणत्या महिन्यात थांबली ते तोंडपाठ.
म्हणून सरपंचानं कागद माझ्याच हाती दिला:
माजी सैनिकांच्या कबरी, नमुना तीन प्रतींत,
नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, शेरा.

संत्र्याचे बगीचे संपतात, सापन वळते,
तिथं हे बरड. छावणी कधीच उठली, नाव राहिलं.
तरोटा छातीला लागतो. विळा अंकुश मावसकरकडे,
आठवीतला पोरगा. वही माझ्याकडे,
आणि चुलीतला कोळसा रुमालात:
दगडावर कागद धरून घासलं की
बुजलेली अक्षरं काळ्यातून पांढरी उठतात.

गोऱ्यांचे दगड सोपे. तिघांना एकाच आठवड्यात पटकीनं नेलं,
तिघंही विशीच्या आतले.
विळ्याच्या आवाजाला एका सापसुरळीनं शेपूट टाकली,
ती दगडावर वळवळत राहिली;
अंकुश बराच वेळ तिच्याचकडे बघत होता.

त्याचा आजा सुखलाल पलीकडे, सागाच्या फळीखाली.
रिवाजानं फळीवर घोडा हवा, चंद्र-सूर्य हवेत. आहेत.
पण सुखलाल फौजेत ट्रक चालवायचा,
म्हणून कोरणाऱ्यानं त्याला घोड्यावर बसवून
हाती लगामाऐवजी स्टिअरिंग दिलं.
हुद्द्यात मी 'ड्रायव्हर' लिहिलं.
घोड्याला रकाना नव्हता.

हवालदार शेख गफूर.
पावतीवर पुरुषाचा डावा अंगठा घ्यायचा, असा नियम;
यांचा डावा बर्मात राहिलेला.
दर महिन्याला मी उजवा घ्यायचो, दर महिन्याला ते म्हणायचे,
"लिख दे, दूसरा ड्यूटी पर है."

लान्स नाईक डोमाजी गवई मात्र सापडेना.
दगड होता, मला पक्कं आठवत होतं,
गफूरमियांनीच परतवाड्याहून घडवून आणलेला,
बैलगाडीत, तणसावर निजवून.
आता तिथं नुसता खड्डा, खड्ड्यात गोखरू.

तो नदीवर निघाला.
डोमाजीची लेक बेबीबाई त्याच्यावर चादर आपटत होती.
"हा धुन्याचा गोटा हाय, भाऊ. मायनंच आनला होता.
म्हने, तोंड खाली ठेव, कोनाले दाखवू नको."

तिघांनी पहार लावून उलटवला.
खाली गांडुळं, गाळ,
आणि गाळ पुसल्यावर अक्षरं, कालच कोरल्यासारखी:
मृत्यू, बारा जानेवारी.

माझ्या पावत्यांत तो मे अखेरपर्यंत जिवंत होता.
विधवेच्या पेन्शनचे कागद नागपूरला अडकलेले,
घरात चार लेकरं,
आणि सायत्राबाईनं दारातच हात पुढे केला, शाईला.
पाच महिने.
अंगठा डावा की उजवा, तेही मी बघितलं नाही.

तिला वाटलं असणार, दगड चहाडी करेल.

अंकुश वही घेऊन उभा.
"काका, तारीख कोनती लिवू?"
चादरीचं पाणी ओघळून बाराच्या आकड्यात साचलं होतं.
"दगडावर हाय ते."
"आन् शेरा?"
शेरा मी स्वतः लिहिला, बारीक अक्षरांत, खाली सही करून.
कार्बन ठेवायला विसरलो नाही.

बेबीबाईचं म्हणणं एकच:
"माह्या बापाले खुशाल घेऊन जा,
पन मले दुसरा गोटा आनून द्या."

दुसऱ्या दिवशी ऑटोत घालून काळा पत्थर नेला.
तिनं त्याच्यावर पाय देऊन पाहिला.
"हालते," म्हणाली.
अंकुशनं वाकून खाली एक चीप सरकवली.